दोनबुरी, मुक्काम पोस्ट निगडी

पिंपरी-चिंचवडमध्ये जपानी न येणारा माणूस हुडकायचा झाला, तर ज्यानं आयुष्यात कारखान्याचं गेट पाहिलेलं नाही असाच गाठावा लागेल. मंचर-नारायणगावकडून आलेला, आयटीआय करून चाकणला चिकटलेला पोरगा पहिला पगार हातात पडायच्या आधीच ‘सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके’ घडाघडा म्हणायला लागतो. टपरीवर कटिंग घेता घेता एक जण दुसऱ्याला सुनावतो, ‘गेम्बावर जा की जरा, केबिनमध्ये काय बसलायस!’ आमच्या लाइनवरचा एक गडी तर बायकोनं फोनवर तेच तेच सांगितलं की ‘हा मुदा आहे’, म्हणजे नुसता अपव्यय, असं म्हणतो. बायकोला शब्द कळत नाही, म्हणून संसार टिकून आहे.

हे सगळं कसं आलं ते या गावाला सांगायला नको. 1954 सालचं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, 1962 ची एमआयडीसी, मग टेल्को, बजाज. 1980 च्या दशकात बजाजनं कावासाकीशी हातमिळवणी केली, आणि पुढं चाकणचा माळ भरत गेला. मशिनी आल्या, मशिनींबरोबर शब्द आले. तैइची ओहनो, शिगेओ शिंगो, काओरू इशिकावा या जपानी कारखानदारीच्या गुरूंची नावं आमच्याकडे लोकांना स्वतःच्या मेव्हण्यापेक्षा जास्त आदरानं घेता येतात. माल ज्या क्षणी लागेल त्याच क्षणी दारात हजर पाहिजे, हा ओहनोसाहेबांचा सिद्धांत आम्ही मान खाली घालून स्वीकारला. साहेबांनी चाकणचा तळेगाव चौक संध्याकाळी सहा वाजता पाहिला नव्हता, हे त्यांचं आणि सिद्धांताचं नशीब.

पण गंमत बघा. कायझेन आलं, कानबान आलं, पोकायोके आलं, जेवण तेवढं आलं नाही. आम्हाला ठाऊक असलेला जपानी मासा एकच, इशिकावांचा, आणि त्यालाही नुसता काटा. दोषाची कारणं शोधायच्या त्या फिशबोन आकृत्या काढून काढून आमची पिढी निवृत्तीला आली, त्या काट्यावर मांस कुणी पाहिलं नाही. पुण्यात सिंहगड रस्त्याला ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेलं पु. ल. देशपांडे उद्यान आहे. तिथंही जपान कुंपणापर्यंतच. बाहेर पडलं की भेळ.

तर झालं असं की आमच्याकडे ट्रेनिंगला आलेल्या एका सानांनी परत जाताना मला नोरीचं पाकीट भेट दिलं. सान म्हणजे आपले ‘राव’ समजा. पाकिटात काळपट हिरवे, चकचकीत, चौकोनी कागद. ते पाकीट फ्रिजवर पडून राहिलं. घरी आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी त्याला कार्बन पेपर समजलं, तर कुणी गुडघ्याला लावायची पट्टी. शेवटी आमच्या लेकीनं मनावर घेतलं. ती जपानीच्या परीक्षांना बसते, त्यामुळे घरात जपानबद्दलचा अंतिम निर्णय तिचा. ‘बाबा, दोनबुरी करू या. खोलगट वाडग्यात भात, त्यावर मटण-चिकन काहीतरी, पालेभाजी, आणि वरून नोरी. संपलं.’

‘आणि आमटी?’ माझ्या आईनं बाहेरच्या खोलीतून विचारलं. आई माळकरी. ती खाणार नव्हतीच, पण पालकसभेला न बोलावलेल्या पालकाचा तिला अधिकार असतो.

दोनबुरी हे खरं तर आमच्याच जातकुळीचं जेवण, म्हणजे घाईत असलेल्या कामकरी माणसाचं. ग्युदोन हा त्यातला नावाजलेला प्रकार. तो विकणारी योशिनोया 1899 साली तोक्योतल्या निहोनबाशीच्या मासळीबाजारात सुरू झाली. बाजारातल्या लोकांना पटकन खाऊन पुन्हा कामाला लागायचं असायचं. एकच भांडं, एकच हात मोकळा, चार मिनिटांत जेवण. फर्स्ट शिफ्टच्या सुटीत डबा खाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ग्युदोनमध्ये गोमांस असतं, आणि महाराष्ट्रात 2015 पासून गाय-बैल दोन्ही कायद्याच्या कुंपणात सुरक्षित आहेत, तेव्हा तो विषय सुरू व्हायच्या आधीच बंद झाला. लेकीनं ‘सोबोरो’ काढलं. सोबोरो म्हणजे कोंबडीचा खिमा. खिमा म्हटल्यावर बायकोचा चेहरा खुलला. तो किती वेळ खुललेला राहणार आहे हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

प्रत्यक्ष स्वयंपाकाआधी प्लॅनिंग आलं. जपानी माणसाला कोणत्या दिवशी काय खायचं हे ठरवायला भूक पुरते. आपल्याकडे सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातला एक बुधवार एकादशीनं खाल्ला, शुक्रवारी बायकोच्या मैत्रिणीकडे संतोषीमातेचं उद्यापन निघालं, आणि रविवारी पौर्णिमा आली. इतकी बंधनं असलेलं शेड्यूल आमच्या प्रॉडक्शन प्लॅनिंग डिपार्टमेंटलाही झेपलं नसतं. आई मात्र कालनिर्णय न उघडता, बोटांच्या पेरांवर मोजून पुढच्या बुधवारचा स्लॉट देऊन मोकळी झाली.

माझं तर मत असं आहे की जपान्यांनी जे शोधलं त्यातलं निम्मं आमच्या घरी आधीच होतं, फक्त कुणी ऑडिटला आलं नाही. शिंगोसाहेबांचं पोकायोके म्हणजे काय, तर चूक करायची म्हटली तरी करता येऊ नये अशी सोय. आमच्या घरात नॉनव्हेजच्या भांड्यांच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. तो आईनं लावून घेतला. ठिपक्याचं पातेलं वरच्या फळीवर चढत नाही, बिनठिपक्याचं खाली उतरत नाही, आणि आजवर एकही रिजेक्शन नाही. साखरेचा एक डबा वापरात, दुसरा भरून मागे. पुढचा संपला की मागचा पुढं येतो आणि वाण्याच्या यादीत साखर चढते. याला आम्ही कंपनीत टू-बिन म्हणतो आणि भिंतीवर फोटो लावतो.

आता भात. इथं जरा थांबलं पाहिजे, कारण दोनबुरीत भात नुसता तळाशी नसतो, मुळाशी असतो.

मराठी घरात भाताची एकच परीक्षा, शीत न् शीत मोकळं. भात गिच्च झाला तर बाई सगळ्या गावाला खुलासा देत फिरते. तांदूळ नवा होता, कुकरची शिट्टी अडकली, पाण्याचा अंदाज चुकला, दारात कोण आलं होतं. त्यासाठी आपण तांदूळ जुना करतो. वर्षभर मुरलेला तांदूळ म्हणजे मानाचा. जपानी माणूस याच्या बरोबर उलटा. त्याला शरद ऋतूत नुकताच निघालेला नवा तांदूळ हवा, तो मिरवून विकत घेतो, आणि भात चिकट झाला नाही तर त्यालाच खुलासा द्यावा लागतो. कारण उघड आहे. दोन काड्यांनी मोकळा भात उचलायचा तर दुपारचं जेवण रात्रीपर्यंत चालेल. त्यांच्या आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोज कमी, म्हणून शिजला की दाणे एकमेकांना धरून राहतात. बासमतीत ते जास्त, म्हणून प्रत्येक दाणा स्वतंत्र बाण्याचा.

लेकीनं मोबाइलवर जपानी तांदळाचा भाव काढला. मी भाव ऐकला आणि तळेगावच्या दिशेला हात केला. अर्ध्या-पाऊण तासावर मावळ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली बाहेर पडलेला इंद्रायणी. त्याची एक बाजू आंबेमोहराची, दुसरी आयआर-8 ची. म्हणजे घराणं वासाचं आणि सासर उत्पन्नाचं. वास मंद, आणि शिजला की मऊ, चिकट. मावळातला माणूस हा भात हौसेनं खातो आणि चिकटपणाबद्दल अवाक्षर काढत नाही. त्या मऊपणावर कालवण धरून राहतं हे त्याला पक्कं माहीत आहे. आमच्या सोसायटीतले लोक मात्र इंद्रायणी घेतात आणि तो मोकळा कसा करायचा याचे व्हिडिओ बघतात.

तांदूळ लेकीच्या सूचनेबरहुकूम धुतला. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजत ठेवायचा, शिजल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. हे शेवटचं कलम आमच्या घरात सगळ्यात जड गेलं. झाकण उघडून डोकावणं हा मराठी स्वयंपाकाचा आत्मा आहे. बायको मूळची मालवणची, उकड्या तांदळावर वाढलेली. तिला आमचा घाटी भात एरवीही फारसा पटत नाही. तिनं दोनदा झाकणाकडे हात नेला, लेकीनं दोनदा ‘आई, प्रोसेस!’ म्हणून ओरडून तो परत पाठवला.

‘इंद्रायणी ना रे हा?’ बाहेरून आई. ‘तुकोबांची गाथा तरली ती इंद्रायणी. आणि त्यावर कोंबडी?’

मी म्हटलं, ‘आई, नाव नदीचं आहे, तांदूळ संशोधन केंद्राचा आहे.’

‘ते त्या कोंबडीला सांग,’ आई म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. जून-जुलैत तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते, तेव्हा याच इंद्रायणीचा भात आमच्याकडून वारकऱ्यांना जातो. त्यामुळे तिचा मुद्दा अगदीच खोडता येण्याजोगा नव्हता.

नोरीकडे वळू. पाकीट फोडल्यावर बायकोनं एक कागद नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘अहो, हे आमच्या खडकांवर असतं. पावसाळ्यात यावरून पाय घसरतो.’ तिचं म्हणणं खरं आहे. नोरीच्या कुळातलं शेवाळ कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर पावसाळ्यात उगवतं. फरक एवढाच की आपण त्यावरून घसरलो आणि जपान्यांनी ते वाळवलं. एदो काळात कागद करायची रीत उचलून त्यांनी शेवाळाचे तावच्या ताव पाडले. आजचा ताव 21 सेंटिमीटर बाय 19 सेंटिमीटर, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. मापाला मोजून देणारं शेवाळ पाहिल्यावर माझ्यातल्या क्वालिटीवाल्याला भरून आलं. मी व्हर्नियर आणायला उठलो होतो, बायकोनं बसवलं.

या नोरीची एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या लाइनवर मी मूळ कारण शोधण्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगतो. जपानी कोळी शतकानुशतकं समुद्रात बांबू रोवून नोरीची वाट बघायचे. येईल त्या वर्षी येई, नाही त्या वर्षी कर्ज. तिचं बी कुठून येतं, उन्हाळ्यात ती कुठं जाते, कुणालाच पत्ता नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बुडायला लागलं तेव्हा तर सगळे हवालदिल झाले. कोडं सुटलं ते इंग्लंडमध्ये. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर या बाईंचं लग्न झालं म्हणून विद्यापीठातली पगारी नोकरी गेली होती; त्या बिनपगारी संशोधन करत राहिल्या. त्यांनी 1949 मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं की नोरी आयुष्याचा एक काळ शिंपल्यांच्या कवचात, वेगळ्याच रूपात काढते. तोवर लोक त्या रूपाला निराळीच वनस्पती समजत होते. मग जपान्यांनी शिंपल्यांवर बी धरलं आणि शेती मार्गी लागली. 1963 मध्ये कुमामोतोजवळ उतो इथं बाईंचं स्मारक उभारलं. दर 14 एप्रिलला तिथं उत्सव असतो आणि त्यांना समुद्राची माता म्हणतात. बाई जपानला कधी गेल्याच नाहीत.

ही गोष्ट ऐकल्यावर आमच्या पोरांना मूळ कारणापेक्षा एकाच गोष्टीचं नवल वाटतं. एकानं तर विचारलंच, ‘सर, पगार नसताना काम केलं? ओव्हरटाइमपण नाही?’

राहिला प्रश्न शेवाळ खाण्याचा. आईनं त्यावर ‘शेवाळ खायची वेळ आली का आपल्यावर!’ अशी टिप्पणी केली. तिला सांगितलं नाही, पण मोठ्या वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास घालून ती स्वतः दुधाची वडी थापते. ते चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळच, आणि करायची रीतही मूळची जपानी. ती वडी आमच्याकडे नैवेद्यालासुद्धा चढली आहे. काही सत्यं वेळेवर न सांगणं हासुद्धा एक संस्कार.

बुधवार उजाडला. ठिपक्याची कढई चढली.

सोबोरोचा खिमा करायला मसाला लागत नाही, हे बायकोला सांगायचं काम माझ्यावर आलं. सोया सॉस, साखर, किसलेलं आलं, बस्स. ‘कांदा?’ नाही. ‘लसूण?’ नाही. ‘हळद तरी?’ नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस आजारी माणसासाठी जेवण करतोय. खिमा मोकळा, अगदी रवाळ व्हावा म्हणून जपानी बायका चार-पाच काड्या एकत्र मुठीत धरून तो सतत हलवतात. आमच्याकडे काड्यांची एकच जोडी, तीही चायनीजच्या पार्सलबरोबर आलेली. बायकोनं पावभाजीचा मॅशर काढला आणि खिम्याची दोन मिनिटांत वाळू केली. त्या क्षणी जर तिथं सान असते तर त्यांनी वहीत लिहून घेतलं असतं.

अंड्याची भुर्जी करायची, त्यात पुन्हा साखर. इथं बायको गप्प झाली. मालवणी माणूस गप्प होतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं. पालक उकळत्या पाण्यात बुचकळून लगेच थंड पाण्यात टाकला, घट्ट पिळला, कापून त्यावर भाजलेले तीळ कुटून आणि सोया सॉसचे चार थेंब. हा एकच पदार्थ बायकोनं चाखून ‘बरं आहे’ म्हटलं. तीळ कुटलेले होते, म्हणजे कुणीतरी कष्ट घेतले होते.

चवीच्या नावानं काहीतरी खोल लागतं, त्यासाठी जपानी लोक कोंबू नावाच्या शेवाळाचं पाणी घालतात. त्याच पाण्यातून 1908 साली किकुनाए इकेदांनी ती चव वेगळी काढली आणि पुढच्याच वर्षी तिची पुडी बाजारात आली. ती पुडी आमच्या गावाला नवी नाही. पिंपरी कॅम्पापासून भक्ती-शक्ती चौकापर्यंतच्या प्रत्येक चायनीजच्या गाडीवर अजिनोमोटोचा डबा असतो. म्हणजे जपानी स्वयंपाक आमच्याकडे आला होता, पण चिनी म्हणून आला. कोंबू नव्हतं म्हणून बायकोनं डब्यातले सोडे काढले आणि त्यांचं पाणी उकळलं. वासानं शेजारच्या फ्लॅटची खिडकी लागली, वरच्या मजल्याची उघडली. वर रत्नागिरीचे आहेत.

वाडगे भरले. खाली पांढरा भात, वर एका भागात तपकिरी खिमा, एका भागात पिवळं अंडं, एका भागात हिरवा पालक, आणि कात्रीनं कापलेल्या नोरीच्या काळ्या शेवया. दिसायला इतकं नेटकं की फाइव्ह एसचं बक्षीस मिळावं. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागी वस्तू. मी त्यात बोटं घातली आणि कालवायला सुरुवात केली.

‘बाबा! कालवायचं नसतं!’ लेक किंचाळली. दोनबुरी वरून खाली तशीच, थर न मोडता खायची असते.

आता सांगा, ज्या माणसाला लहानपणी पहिला घास कालवून भरवला, त्यानं भात न कालवता खायचा? आमटी-भात असो, दही-भात असो, हाताची पाचही बोटं भातात जाईपर्यंत ते जेवण सुरूच झालेलं नसतं. कोरियन लोकांचं याबाबत आमच्याशी जमतं. त्यांचा बिबिम्बापही असाच सजवून येतो, पण खाताना तो बेधडक कालवतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2023 मध्ये करार करून ह्युंदाईनं घेतला, तेव्हापासून मावळात कालवणाऱ्यांचं बळ वाढलेलं आहे.

चव कशी होती? भात उत्तम. इंद्रायणीनं मान राखली, काड्यांनी उचलला तरी घास सुटला नाही. नोरी भाताच्या वाफेनं मऊ पडली आणि समुद्राचा वास सोडून गेली. बायकोला क्षणभर माहेर आठवलं. खिमा गोडसर, अंडं गोडसर. इतका गोड मांसाहार आमच्या घराण्यात आधी कुणी केलेला नाही. लेकीनं डोळे मिटून खाल्लं आणि ‘ओइशी!’ म्हणाली. बायकोनं शांतपणे वाडगा संपवला आणि म्हणाली, ‘वाईट नाही. पण यात इम्प्रूव्हमेंटला वाव आहे.’

इथं मला सावध व्हायला पाहिजे होतं. कायझेनचं सगळं मर्म या वाक्यात आहे. मोठी क्रांती नको, रोज एक छोटी सुधारणा. पुढच्या खेपेला खिम्यात फक्त एक कांदा आला, ‘गोडपणा बसवायला’. त्याच्या पुढं लसूण, आल्याला एकटं वाटू नये म्हणून. मग चिमूटभर हळद, रंगासाठी. मग अंड्यातली साखर गेली आणि हिरवी मिरची आली. सोया सॉस संपला तो पुन्हा आणलाच नाही, टू-बिनमध्ये त्याचा दुसरा डबा कुणी ठेवलाच नव्हता. पालकाच्या जागी चाकणच्या बाजारातली मेथी लसणाच्या फोडणीत बसली. नंतर मालवणी मसाला आला, आणि त्याच्याबद्दल कुणी कारणही दिलं नाही.

लेकीनं आक्षेप घेतला, पण मी तिची समजूत काढली. हा हिशेब जुना आहे. आपली करी इंग्रजांनी उचलली, इंग्रजांकडून मेइजी काळात जपान्यांनी घेतली, आणि तिच्यावर इतकं कायझेन केलं की आज त्यांची गोडसर, घट्ट, पिठाळ करी भातावर घालून समोर ठेवली तर आईसुद्धा तिला पिठलं म्हणेल. त्यांच्या नौदलात दर शुक्रवारी तीच असते. त्यांनी आपल्या करीचं जे केलं ते आपण त्यांच्या दोनबुरीचं केलं. कुणाचं कुणाला देणं राहिलं नाही.

गेल्या बुधवारी ताटात इंद्रायणीचा भात, त्यावर झणझणीत खिमा, बाजूला लसूणी मेथी आणि लिंबाची फोड आली. मी मनसोक्त कालवलं. नोरीचे उरलेले ताव बायकोनं गॅसवर भाजून, तूप-तिखट लावून पापडाच्या जागी वाढले होते. आईनं दुरूनच चौकशी केली की त्या काळ्या पापडात काही अभक्ष्य नाही ना. नाही म्हटल्यावर तिनं एक तुकडा मागून घेतला, मऊ भात-मेतकुटाबरोबर खाल्ला, आणि दुसरा मागितला. बायकोनं फ्रिजवर चिकटवलेल्या लेकीच्या जपानी कृतीच्या कागदावर लाल पेनानं काट मारली, खाली नवी कृती लिहिली, तारीख टाकली आणि मला सही करायला लावली. ‘स्टँडर्ड झालं,’ ती म्हणाली. ‘आता कुणी यात बदल करायचा नाही.’